नाकानं घ्यायची खरेदी, यादीनं घ्यायची खरेदी

एप्रिलच्या सकाळी लालबागच्या मसाला बाजारात शिरलं की आधी ठसका लागतो आणि मग दुकानं दिसतात. मी लहानपणापासून आईबरोबर तिथे जातो. गोणीतली एक बेडगी मिरची ती उचलते, मोडते, आत बिया किती ते बघते, हुंगते आणि परत टाकून पुढच्या गोणीकडे वळते. दुकानदार विचारतो, "काकी, मालवणी की घाटी? घरात लहान पोरं आहेत का?" पोरं किती लहान, त्यावर तो तिखटाचं प्रमाण सांगणार असतो. मग हिशोब सुरू होतो. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, थोडी लवंगी तिखटाला. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, त्रिफळं, जायपत्री, हळकुंडं यांच्या पुड्या एकीवर एक चढतात. सगळं मोठ्या कढईत भाजून डंकावर कुटायला जातं. नाकाला पदर लावून आई तिथेच उभी राहते. गरम मसाला आपल्याच पिशवीत पडला की मगच ती हलते. घरी तो हिंगाचे खडे घालून बरणीत भरला जातो आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत पुरतो.

हीच आई साबण, चहा पावडर, मीठ आणि फरशी पुसायचं औषध मोबाइलवरून मागवते. काही मिनिटांत सामान पोचवणारी 'झेप्टो' कंपनी २०२१ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि तिचे डिलिव्हरीवाले आता परळच्या चाळींचे जिने पाठ असल्यासारखे चढतात. आईला यात काही विसंगत वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. मिठाचा पुडा कुठूनही घेतला तरी तोच असतो. बेडगी मात्र दर गोणीला वेगळी.

फिलिप नेल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असाच एक फरक शास्त्रात मांडला. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी तपासता येतो, तर काहींचा वापरल्यावरच कळतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते आपल्या बायका मधली एक पायरीही ओळखतात: हातात घेतली, हुंगली किंवा अंगाला लावून पाहिली तरच कळणारी वस्तू. ऑनलाइन की दुकान, हा प्रश्न बहुतेक वेळा या पायरीवरच सुटतो. पुडा, नंबर, कंपनी आणि वजन सांगून जी वस्तू पुरती ओळखता येते ती यादीनं घ्यावी. उरलेल्यांसाठी पाय उचलावेत.

आता न पाहता माल घेण्याविषयी. ही सवय मोबाइलनं लावली असं सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही, कारण आपल्याकडचा इतिहास वेगळं सांगतो. गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये नायगावात सहकारी तत्त्वावर ग्राहक भांडार सुरू केलं. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून घराघरांत पोचलं. वाण्याच्या उधारीच्या वहीतून सुटायचं, चोख वजनाचा माल वाजवी भावात घ्यायचा, एवढी साधी त्यामागची गरज होती. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची वाटप पद्धत आजच्या तरुणांना मुद्दाम सांगावीशी वाटते. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा. पुढच्या महिन्याला काय किती हवं, त्याची यादी प्रत्येक घरानं आधी भरून द्यायची. सगळ्यांची मागणी एकत्र करून संस्था घाऊक भावात माल घेणार, ट्रकनं एका घरी पोचवणार आणि सभासद तो आपसांत वाटून घेणार. दुकान नाही, फळीवर मांडलेला माल नाही, पुढ्यात फक्त यादी. ऑनलाइन खरेदी म्हणतात ती याहून कितीशी निराळी आहे?

फरक आहे, आणि माझ्या दृष्टीनं तो फार मोठा आहे. तूरडाळ किडकी निघाली तर कुणाला सांगायचं, हे संघातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तो माणूस समोरच्या इमारतीत राहत होता आणि त्याच्याही डब्यात तीच डाळ होती. मोबाइलवर माल दिसतो, भाव दिसतो, तारे दिसतात. उत्तर देणारा माणूस दिसत नाही.

याचा धडा मला गेल्या वर्षी मिळाला. भाचीच्या लग्नासाठी एका संकेतस्थळावरून मोरपंखी नऊवारी मागवली. पार्सल उघडलं तर आत बाटली रंगाची साडी, काठ खरखरीत. परत पाठवायचं बटण सापडलं, पण माणूस सापडेना. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी. पैसे आले, पण लग्न होऊन गेल्यावर. दरम्यान आम्ही हिंदमाताच्या साडी बाजारात गेलो होतो. तिथल्या विक्रेत्यानं गादीवर बसवलं आणि रंग विचारायच्याही आधी विचारलं, "मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा?" मग दोन साड्या खांद्यावर टाकून तो आम्हाला दुकानाबाहेर उजेडात घेऊन आला. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात मोरपंखी निरनिराळा दिसतो, हे त्याला माहीत होतं.

तरीही ऑनलाइनवाल्यांना नावं ठेवत बसणं मला मान्य नाही. सकाळी आठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या बाईला रोज बाजारात उभं राहायला वेळ कुठला? गुडघे दुखणाऱ्या आजोबांना गिरगावच्या जुन्या इमारतीचे तीन मजले उतरायला लावून काय मिळवणार? त्यांच्यासाठी दारात येणारी पिशवी ही सोय नव्हे, आधार आहे. दादरचा बाजार आजही फुलतो त्याचं एक कारणही सोयीचंच आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे भेटतात. गाडी बदलायला उतरलेला माणूस फुलं, भाजी, रानडे रोडवरची खरेदी घराच्या वाटेवरच उरकतो. पाडव्याच्या आदल्या पहाटे मीनाताई ठाकरे फूल मंडईत झेंडूचा भाव तासातासाला बदलत असतो आणि तो तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दिवाळी अंकांचंही तसंच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक अनुक्रमणिका चाळून, पानं उलटून अंक निवडत आला आहे. घरपोच मागवायला हरकत नाही, पण शेजारी ठेवलेला अनोळखी अंक हाती लागतो तो फक्त स्टॉलवर.

राहिला प्रश्न उत्तर देणाऱ्या माणसाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला तरी. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. वस्तू कोणत्या देशात बनली तेही सांगायचं. स्वतःच खोटे अभिप्राय लिहून मालाची भलामण करायला विक्रेत्याला मनाई आहे. 'शेवटचे दोनच नग उरले' अशी खोटी घाई करण्यासारखे १३ फसवे प्रकार केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी बंद केले. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावणाऱ्या दुकानदारांनीही वाचावं: सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, आणि बिल न देणं, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत.

तेव्हा या दिवाळीत रानडे रोडवर घ्या किंवा मोबाइलवर, बिल मागून घ्या आणि जपून ठेवा. ऑनलाइन पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा. अडचण आली तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.