मॅग्नमचा दरारा नळीभरच

बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सला एका मित्रदेशाकडून स्नायपर रायफलींची ऑर्डर मिळाल्याची बातमी २०२४मध्ये आली आणि ‘.३३८ लापुआ मॅग्नम’ व ‘१५०० मीटर’ पल्ला ही जोडगोळी मथळ्यांत ठाण मांडून बसली. मॅग्नम या शब्दाचा दरारा आहेच, मूळ मात्र शॅम्पेनच्या दीड लिटरी बाटलीत. या सगळ्या कौतुकात नळीची लांबी कुणी फारशी विचारत नाही.

लापुआ मॅग्नमचं काडतूस तळहातावर आडवं ठेवलं तर या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरतं. आत सुमारे सहा ग्रॅम दारू; नेहमीच्या .३०८ काडतुसात तिच्या निम्मीच. ही दारू नळीभर जळत राहते म्हणून लांब नळी हवी, असं शौकीन मंडळी छातीठोकपणे सांगतात. तसं नसतं. बहुतेक दारू पहिल्या काही इंचांतच जळते, दाबाचा कळसही तिथंच येतो. पुढे गोळीला रेटतो तो पसरणारा वायू. मॅग्नममध्ये वायू दुप्पट, नळीचं भोक मात्र .३०८पेक्षा जेमतेम मोठं. मग त्याला पसरायला लांबीच लागते. नळी आखूड असली की गोळी सुटताना बराच दाब शिल्लक राहतो आणि नळीच्या तोंडाशी फुकट जातो. नारंगी भडका, उडालेली धूळ, शेजारच्याच्या कानाला दडे. बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे!

नळीचा एक इंच कापला की मॅग्नमचा वेग सेकंदाला साधारण ६ ते ९ मीटरनं उतरतो. पॅरिस ऑलिंपिकला नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ज्या रायफल प्रकारात कांस्य जिंकलं त्यातलं .२२चं टिचभर काडतूस याच्या अगदी उलट. १६-१८ इंचांपुढे त्याला नळीचा काही उपयोग नाही. तिथले नेमबाज नळीपुढे पोकळ नळकांडं बसवतात, ते नेम धरायची पुढची माशी डोळ्यापासून लांब जावी म्हणून.

माझा आवडता किस्सा विंचेस्टरचा. १९५०च्या दशकाअखेर या अमेरिकी कंपनीनं .२६४ विंचेस्टर मॅग्नम आणलं, २६ इंची नळीच्या ‘वेस्टर्नर’ रायफलीत. गोळी सणसणीत जायची. मग खांद्याला हलकी हवी म्हणून २२ इंची ‘फेदरवेट’ही काढली. शिकाऱ्यांच्या लक्षात आलं की आवाज आणि धक्का मॅग्नमचा, वेग मात्र १९२५च्या जुन्या .२७०च्या आसपासचा. त्यात नळी लवकर झिजते ही तक्रार होतीच. १९६२मध्ये रेमिंग्टनचं ७ मिलिमीटर मॅग्नम आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. काडतूस वाईट नव्हतं हो, चार इंचांनी त्याचं नाव खराब केलं.

लांब नळी म्हणजे अचूक नेम, हाही एक गैरसमज. त्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ असते, कमी थरथरते. लांबीनं मिळतो तो वेग, आणि वेगामुळे दूरवर गोळी कमी खाली येते, वाऱ्यानं कमी ढळते. म्हणून भारतीय लष्करानं घेतलेल्या फिनलंडच्या साको टीआरजी-४२ची .३३८साठीची नळी ६९० मिलिमीटरची, म्हणजे २७ इंचांची असते. ती २० इंचांवर आणली तर सेकंदाला ९०० मीटरमधले चाळीस-साठ मीटर जातील. दाट रानात दोनशे मीटरवर डुकराच्या मागे असलेल्याला हा सौदा खुशाल परवडेल. पंधराशे मीटरचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला मात्र मी आधी विचारीन, हा आकडा किती इंची नळीवरचा?