विश्लेषण : व्हिडिओतला विजेचा खांब पुसताना नेमके काय घडते?

मंचरहून घोडेगाव गाठायचे, डिंभे धरणाचा जलाशय मागे टाकायचा आणि भीमाशंकरच्या दिशेने चढत राहायचे, की तळेघर लागते. पावसाळ्यात या रस्त्यावर जितकी वाहने, तितके मोबाइल कॅमेरे. भाताची आवणी चाललेली, खाचरांत पाणी तुंबलेले, मागे ढगांत अर्धा बुडालेला डोंगर. रस्त्याच्या कडेला उभे राहून कोणीही वीस सेकंदांचा व्हिडिओ घेतो आणि घरी आल्यावर त्याच्या लक्षात येते, की दृश्याच्या ऐन मध्यभागी विजेचा खांब उभा आहे.

फोटोतला असा खांब आता बोट फिरवून पुसता येतो. गुगलने २०२१ मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये ‘मॅजिक इरेजर’ दिला आणि त्यानंतर इतर फोनमध्येही अशा सोयी रुळल्या. व्हिडिओत मात्र तोच खांब पुसला, की मागची हिरवाई वळवळल्यासारखी दिसते. खांब जातो, पण त्याचे भूत उरते.

फोटोत जमते ते व्हिडिओत का अडते?

फोटो दुरुस्तीच्या या पद्धतीला ‘क्लोन’ करणे म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी काम आपल्या रफूवाल्याचे आहे. कापड फाटले, की तो त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढतो आणि छिद्र विणून टाकतो. क्लोन करणाराही खांबाशेजारचे हिरवे खाचर उचलतो आणि खांबावर बसवतो. रंग जुळला, पोत जुळला, की नजर फसते.

वीस सेकंदांच्या व्हिडिओत, सेकंदाला तीस फ्रेम धरल्या, तर सहाशे फोटो असतात. प्रत्येकात हाताने रफू करायचे म्हटले तर चिकाटीच्या माणसाला ते करता येईल. पण पहिल्या फ्रेममधले ठिगळ आणि दुसऱ्या फ्रेममधले ठिगळ केसभर जरी वेगळे बसले, तरी व्हिडिओ चालू झाल्यावर ती जागा थरथरते. माणसाच्या डोळ्याला स्थिर चूक सहसा दिसत नाही, हलणारी चूक लगेच दिसते. म्हणून ठिगळ एकदाच तयार करायचे आणि कॅमेरा जसा हलला तसे त्याला हलवत न्यायचे, हा यावरचा उपाय. कॅमेरा कसा हलला हे शोधून काढण्याचे काम म्हणजे मोशन ट्रॅकिंग.

ट्रॅकिंग कसे चालते?

पहिल्या फ्रेममध्ये एक ठळक ठिपका निवडायचा. समजा, खाचराच्या बांधावरचा पांढरा दगड. त्याभोवती एक छोटी चौकट आखायची, ती ‘ओळख’. तिच्याबाहेर एक मोठी चौकट, तो ‘शोधाचा परिसर’. सॉफ्टवेअर पुढच्या फ्रेममध्ये त्या परिसरात चौकट सरकवत पाहते, की ओळखीच्या तुकड्याशी सर्वांत जास्त जुळणारी जागा कोणती. ती सापडली, की दगड किती पिक्सेल उजवीकडे आणि किती वर सरकला याची नोंद होते. मग पुढची फ्रेम. सहाशे फ्रेमच्या शेवटी हातात आकड्यांची एक यादी येते. तिलाच ‘ट्रॅक’ म्हणायचे.

यामागचे गणित जुने आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत आजही अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. कोणते ठिपके माग काढायला चांगले, याचे उत्तर जियानबो शी आणि कार्लो टोमासी यांनी १९९४ मध्ये दिले. ते सोप्या भाषेत असे : कोपरे चांगले, सरळ रेषा वाईट, कोरी जागा त्याहून वाईट.

का, ते घरी करून पाहता येते. पुठ्ठ्याला छोटे भोक पाडा आणि त्यातून विजेच्या तारेचा तुकडा बघा. तार लांबीच्या दिशेने सरकली, तर भोकातून काहीच बदललेले दिसणार नाही. सॉफ्टवेअरची चौकट म्हणजे हे भोक. तारेवर ट्रॅक लावला तर तो तारेवरून घसरत जातो. दगडाचा कोपरा, घराच्या कौलाचे टोक, पाटीवरचे अक्षर यांच्याबाबतीत ही फसगत होत नाही, कारण ते कोणत्याही दिशेने हलले तरी कळते.

एका ठिपक्यावरून फक्त जागा कळते. दोन घेतले तर कॅमेरा किती तिरका झाला, किती जवळ आला, हेही कळते. चार घेतले तर भिंतीसारखा सपाट भाग कोणत्या कोनातून दिसतो तेही काढता येते. त्यापुढची पायरी म्हणजे सुटे ठिपके सोडून सबंध पृष्ठभागच मागावर धरणे. हे ‘प्लेनर ट्रॅकिंग’ करणाऱ्या ‘मोका’ या सॉफ्टवेअरला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार २०१३ मध्ये मिळाला. नायकाला हवेत उचलणारी दोरी पुसणे किंवा ऐतिहासिक चित्रपटातल्या गडावरून मोबाइल टॉवर हटवणे, ही या तंत्राची रोजची कामे आहेत.

सर्वांत जास्त चूक होते कुठे?

नवशिके खांब पुसायचा म्हणून खांबाचाच माग काढतात आणि ठिगळ खांबाच्या चालीला बांधतात. इथेच काम बिघडते.

एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, की जवळचे खांब मागे पळतात आणि दूरचा डोंगर मात्र आपल्याबरोबर चालत असल्यासारखा वाटतो. कॅमेरा चालत असेल तर व्हिडिओतही हेच घडते. ठिगळ तर मागच्या खाचराचे किंवा डोंगराचे आहे. ते खांबाच्या वेगाने पळाले, तर डोंगराचा एक तुकडा डोंगरापासून सुटून धावू लागतो. त्यामुळे खांब कुठे आहे हे कळण्यासाठी खांबाचा माग काढायचा, पण ठिगळ हलवायचे ते मागच्या दृश्याच्या मागावर. एका व्हिडिओला दोन ट्रॅक लागतात. मोफत मिळणाऱ्या ‘ब्लेंडर’मध्ये किंवा ‘डाविंची रिझॉल्व्ह’च्या फ्यूजन विभागात हे संगणकावर करता येते. थोडे डोके लावावे लागते, पैसे लागत नाहीत.

या वेगातल्या फरकाचा एक फायदाही आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. चालत चित्रण केले असेल तर पहिल्या सेकंदाला खांबामागे झाकलेले झाड तिसऱ्या सेकंदाला उघडे पडते. मग शेजारचे काहीबाही उचलण्याऐवजी तिसऱ्या सेकंदातले खरे झाड आणून पहिल्या सेकंदात बसवता येते. ही रफू जवळपास अस्सल म्हणावी अशी. उलट एका जागी उभे राहून फक्त मान वळवावी तसा मोबाइल फिरवला, तर खांब आणि झाड एकत्रच सरकतात. खांबामागे काय आहे ते सहाशेपैकी एकाही फ्रेममध्ये नोंदलेलेच नसते. तिथे जे भरले जाईल तो अंदाज असेल. तो क्लोन करणाऱ्या माणसाचा असो वा एआयचा. ॲडोबीने ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये २०१९ साली व्हिडिओसाठी आपोआप भरणी करणारी सोय आणली आणि आताची एआय साधने तर लाखो दृश्यांवरून शिकलेली आहेत. पण न टिपलेले झाड त्यांनाही दिसत नाही. ती फक्त शोभेलसे झाड रंगवतात.

पावसाळ्यातले तळेघर, ट्रॅकिंगची परीक्षा

गंमत अशी, की ज्या ऋतूत इथे चित्रण करायला गर्दी होते, तो ऋतू या तंत्राला सर्वांत कठीण आहे. धुक्यात काळा-पांढरा फरकच उरत नाही, त्यामुळे ओळखीची चौकट धुसर होते. आवणी झालेल्या खाचरातली प्रत्येक काडी शेजारच्या काडीसारखी, म्हणून ट्रॅक एकीवरून दुसरीवर उडी मारतो. पाण्यातले प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर हलते आणि वाऱ्यानेही हलते. धुके दाटले-विरले, की मोबाइल आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि सकाळी घेतलेले ठिगळ क्षणात काळपट दिसू लागते.

म्हणून निम्मे काम चित्रण करतानाच करावे. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड बांधून टाकावा. झूम टाळावा. खांब चुकवता येत नसेल तर जागेवर उभे न राहता दोन-चार पावले आडवे, सावकाश चालावे. शक्य असेल तर खांब नसलेली चौकट पाच सेकंद वेगळी घेऊन ठेवावी. सिनेमावाले तिला ‘क्लीन प्लेट’ म्हणतात. आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलवर काम करू नये. ती दाबून लहान झालेली असते, बारीक कोपरे आधीच पुसले गेलेले असतात.

हेच तंत्र जुने चित्रपट वाचवते

पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. जुन्या फिल्मवर धुळीचे कण, ओरखडे, बुरशीचे डाग असतात. धुळीचा कण सहसा एकाच फ्रेमवर असतो. आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये तीच जागा स्वच्छ असते. सॉफ्टवेअर पात्र किती हलले हे मोजते आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तेवढा सरकवून डागावर बसवते. खांब पुसण्यासारखेच हे. प्रोजेक्टरमधून जाताना पडलेला उभा ओरखडा मात्र फ्रेममागून फ्रेम त्याच जागी राहतो, शेजारच्या फ्रेम उपयोगी पडत नाहीत. तिथे बाजूचे पिक्सेल उसने घ्यावे लागतात.

यात एक धोका आहे. पावसाचा थेंब किंवा आगीची ठिणगीही एकाच फ्रेममध्ये चमकून नाहीशी होते. यंत्राला ती धूळ वाटते. आपोआप सफाईवर सोडले, तर पडद्यावरचा पाऊस थांबतो! त्यामुळे शहाणे लोक यंत्राने पुसलेले पुन्हा डोळ्यांनी तपासतात आणि न पुसलेले मूळ स्कॅन जपून ठेवतात. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तो पुण्याच्या संग्रहालयात मूळ निगेटिव्ह जपलेली होती म्हणून. उलट ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्या मूळ फिल्म आता कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येणार नाहीत.

पुसलेला व्हिडिओ पुरावा असतो का?

रीलमधला खांब पुसला तर कोणाचे बिघडत नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात व्हिडिओ इतरही कामांसाठी घेतले जातात. याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून घरामागच्या उतारावर भेग दिसली, की लोक आधी मोबाइल काढतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या हिरड्याचे नुकसान झाले, त्याच्या भरपाईसाठी लोकांना दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. पंचनामा व्हायच्या आत पडलेले झाड, वाहून गेलेला बांध, बिबट्याने मारलेले वासरू दाखवायला व्हिडिओ हाच आधार असतो.

अशा व्हिडिओत हौसेने केलेली छोटी दुरुस्तीही महागात पडते. भेगेचा व्हिडिओ ‘स्टेबिलाइज’ केला, तर थरथर जावी म्हणून ॲप प्रत्येक फ्रेम ट्रॅकिंगनेच सरकवते, कडा कापते, काही वेळा ताणते. मग भेग दोन बोटे होती की चार, यावर वाद घालायला जागा मिळते. ‘फक्त मधली तार पुसली’ असे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेला आहे : आणखी काय पुसले?

पुसण्याच्या उलट बाजूला बसवणे येते. ज्या ट्रॅकवर ठिगळ चढते, त्याच ट्रॅकवर बिबट्याही चढवता येतो. गावाच्या रस्त्यावर बिबट्या चालतानाचा बनावट व्हिडिओ जुन्नर-आंबेगावात किती घबराट पसरवेल, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. पाय जमिनीवर घसरतात का, हात थरथरला तेव्हा जनावरही तेवढेच थरथरले का, धुके त्याच्यापुढून गेले का, सावली इतर सावल्यांच्या दिशेने आहे का, हे पाहावे. पण साधने सुधारतील तशा या खुणा पुसट होत जातील. व्हिडिओ कोणी, कुठे, कधी काढला आणि मूळ फाइल कोणाकडे आहे, हे विचारणे अधिक भरवशाचे. उत्तर ‘ग्रुपवर आला’ असे असेल तर तो पुढे पाठवू नये.

कायदाही मूळ फाइलकडेच बोट दाखवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा, फाइलचा अंगठाच म्हणा. एक पिक्सेल बदलला तरी तो बदलतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तरी बदलतो, कारण पाठवताना फाइल नव्याने दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती आहे तशी जाते.

नुकसानीचा व्हिडिओ काढला, की त्यावर कोणतेही ॲप चालवण्याआधी मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलवर ठेवावी आणि काटछाट करायची ती दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीला तारीख, गाव, गट क्रमांक असे नाव द्यायला हरकत नाही. फाइलचे नाव बदलल्याने हॅश बदलत नाही.