संस्थेचे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक

स्वयंसेवी संस्थेत अंतिम अधिकार विश्वस्त मंडळाचा असतो आणि रोजचा कारभार पगारी कार्यकारी संचालक पाहतात. मंडळाचे अध्यक्ष बहुधा मानद असतात. आपला व्यवसाय किंवा निवृत्तीनंतरचे इतर व्याप सांभाळून संस्थेला वेळ देतात. वसतिगृहात काय चालले आहे, कोणत्या देणगीचा हप्ता अडला आहे, कोणता कार्यकर्ता सोडून जाण्याच्या बेतात आहे, हे संचालकांना ठाऊक असते. कायद्यापुढे उत्तर मात्र विश्वस्तांना द्यावे लागते. माहिती एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, ही या नात्यातली मूळ अडचण आहे.

महाराष्ट्रात ही जबाबदारी नावापुरती नाही. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्याही कक्षेत येते. हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हिशेब देण्यात वारंवार कसूर करणाऱ्या विश्वस्ताला पदावरून दूरही करता येते. हे सगळे कागद तयार होतात संचालकांच्या कार्यालयात. म्हणून ‘संचालक बघतील’ म्हणून न वाचता सही करणारे अध्यक्ष स्वतःबरोबर इतर विश्वस्तांनाही अडचणीत आणतात.

मराठी संस्थांची जुनी घडण वेगळी होती. 1884 साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य स्वतः शिकवत आणि कारभारातही त्यांचा प्रत्यक्ष वाटा असे. मतभेद तिथेही झाले; 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. पण तो तंटा बरोबरीच्या सहकाऱ्यांमधला होता. नेमणारे मंडळ आणि नेमलेले संचालक यांच्यात अशी बरोबरी नसते, त्यामुळे तिथे अधिकाराच्या सीमा आधीच ठरवाव्या लागतात.

संचालकांची नेमणूक संपूर्ण मंडळ करते. अध्यक्ष मंडळाच्या वतीने बोलतात, मंडळाला डावलून नव्हे. अनेक संस्थांत नेमके इथेच बिनसते. अध्यक्षांनी परस्पर एखाद्या कार्यकर्त्याला फोन करून काम सांगितले की त्याला दोन वरिष्ठ होतात आणि संचालकांच्या शब्दाचे वजन घटते. उलट बाजूही तितकीच घातक असते. संचालक बैठकीत फक्त यशाच्या गोष्टी मांडतात आणि निधी आटल्याची बातमी पगार थकल्यावर मंडळापर्यंत पोहोचते. वाईट बातमी अध्यक्षांना सर्वांत आधी कळली पाहिजे, आणि ती सांगणाऱ्यावर आगपाखड होता कामा नये. ही सवय लागायला वेळ लागतो. ठरलेल्या दिवशी दोघांचे बोलणे, बैठकीची विषयपत्रिका एकत्र बसून ठरवणे आणि संचालक किती रकमेपर्यंत स्वतः खर्च मंजूर करू शकतात याचा लेखी ठराव, एवढ्याने बरेच तंटे टळतात.

पैशाचे नियम बदलले की हे बोलणे आणखी निकडीचे होते. परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि अशा निधीतून करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. कोणते पद टिकवायचे, कोणता पगार कोणत्या निधीतून द्यायचा, याचा तपशील संचालकांनी मांडायचा असतो, पण निर्णयाचा भार त्यांच्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

सर्वांत अवघड स्थिती संस्थापकच संचालक असतात तेव्हाची. मंडळावर त्यांचेच स्नेही असतात आणि प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज रुजतो. अशा संस्थेत संचालकांच्या कामाचा वार्षिक आढावा अध्यक्षांनी पहिल्या वर्षापासून घेतलेला बरा. तो आदल्या वर्षी मिळून ठरवलेल्या उद्दिष्टांवर व्हावा आणि त्याची लेखी नोंद मंडळापुढे यावी. उत्तराधिकारी कोण, हा विषयही तिथेच निघायला हवा. संस्थापक थकल्यावर तो काढला तर नवा संचालक शोधायला, त्याला देणगीदारांची आणि गावांची ओळख करून द्यायला पुरेसा अवधी उरत नाही.