मेणबत्ती आणि संकरित अग्निबाण

‘हायब्रिड’ म्हटले की आपल्या जळकोट परिसरात आधी ज्वारी आठवते. दोन वाणांचे चांगले गुण एकत्र आणायचे, ही त्यामागची कल्पना. अग्निबाणाचे हायब्रिड, म्हणजे संकरित इंजिनही याच कल्पनेवर आधारलेले आहे.

जळण्यासाठी इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. अवकाशात हवा नसल्याने अग्निबाणाला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, म्हणजे ऑक्सिडीकारक, बरोबर न्यावा लागतो. घन इंजिनात हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात. एकदा पेटले की विझवता येत नाही. द्रव इंजिन बंद करता येते, पण दोन टाक्या, नळ्या, झडपा असा पसारा वाढतो. संकरित इंजिनात सहसा इंधन घन व ऑक्सिडीकारक द्रव असतो. झडप बंद केली की ज्वलन थांबते. नुसते इंधन मेण किंवा रबराइतके निरुपद्रवी. म्हणून विद्यापीठांतील विद्यार्थी हे इंजिन निवडतात.

मग ते सर्वत्र का वापरले जात नाही? कारण इंधन फक्त पृष्ठभागावर, सावकाश जळते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर मेणाचा उपाय पुढे आला. मेण वितळून पातळ थर बनतो, वेगवान वायू त्यातले थेंब उडवून नेतो आणि इंधन तीन-चार पट वेगाने जळते.

जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाच्या ‘हायएंड’ या विद्यार्थी गटाने मेणावर आधारित इंधन आणि नायट्रस ऑक्साइड वापरले. २०१५ मधील पहिले उड्डाण फसले. २०१६ मध्ये स्वीडनमधून सोडलेला ‘हेरॉस-३’ ३२ किलोमीटर उंच गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये ‘नॉर्थ’ने ६४ किलोमीटर गाठले. म्हणजे जळकोटहून सोलापूर जेवढे दूर, साधारण तेवढे सरळ वर!

तरीही ‘सुरक्षित’ हा शब्द जपून वापरावा. नायट्रस ऑक्साइडचे स्वतःचेच विघटन होऊन स्फोट होऊ शकतो. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे इंजिन न पेटवता केवळ या द्रवाचा प्रवाह तपासताना स्फोट झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. असे इंजिन शाळेत करून पाहू नये.

वर्गात मेणबत्ती पुरेशी आहे. ती फुंकून विझवा आणि वर उठणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच जळती काडी लावा. ज्योत धुरातून खाली उतरून वात पेटते, कारण जळते ती मेणाची वाफ. आता पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवा. ज्योत विझेल. मुलांना विचारा: मेण तर शिल्लक आहे, मग इंजिनाच्या कोणत्या भागाचे काम पेल्याने केले?