सात वाजताची वीज

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या सोसायटीत घरोघरी एकदमच बटणे दाबली जातात. देवघरात दिवा, दिवाणखान्यात टीव्ही, स्वयंपाकघरात मिक्सर. गावोगावी हेच. दिवसभर विखुरलेली मागणी दोन-तीन तासांत दाराशी येऊन ठेपते, आणि सूर्य तर तेव्हा नेमका घरी गेलेला असतो.

थंड पडलेले कोळशाचे केंद्र पुन्हा तापायला तास न् तास लागतात. गॅस टर्बाइन मात्र काही मिनिटांत वीज देऊ लागते. विमानाच्या इंजिनाचेच हे भावंड : हवा दाबायची, तिच्यात वायू जाळायचा आणि तापलेल्या झोताने पाती फिरवायची. स्वित्झर्लंडमधील नशातेलला १९३९ साली असे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र उभे राहिले, तेही अडीअडचणीसाठीच. क्षमता अवघी ४ मेगावॉट. आपल्या उरणला १९८२ पासून वायूवर वीज होते. तिथे टर्बाइनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेची वाफ करून आणखी वीज काढतात. त्याने इंधन वाचते. पण वाफेला वेळ लागतो. घाईच्या वेळी साधे टर्बाइनच बरे, जास्त वायू खाल्ला तरी.

अशी यंत्रे एरवी गप्प उभी असतात. मग हिशेबनीस विचारतो, यांचा उपयोग काय?

मीही एकेकाळी असाच विचारत असे. बँकेत अधिकारी होतो. पडून राहिलेली रोकड व्याज मिळवत नाही, म्हणून ऐन लग्नसराईत मी शाखेतली जादा रोकड मुख्य शाखेत धाडली. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी मुलीच्या लग्नासाठी स्वतःचे पैसे काढायला आले. तेवढे गल्ल्यात नव्हते. "साहेब, मग मी इथं ठेवले कशाला?" एवढेच म्हणून ते बाकावर बसून राहिले. रोकड परत आली ती तिसऱ्या प्रहरी. तो बाक मी अजून विसरलेलो नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वायूवरील वीजकेंद्रांना मे-जूनमध्ये चालण्यास सज्ज राहण्याचा आदेश दिला. ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली. महाग वायूमुळे मागे पडलेली केंद्रे त्या दिवसांत आठवली.

राखून ठेवलेल्या गोष्टीची किंमत शेवटी आपल्याच बिलात येते, आणि ती देणे मला आता जड वाटत नाही. मात्र इस्त्री आणि पाण्याचा पंप मी हल्ली भर दुपारी, उन्हाच्या विजेवर उरकतो. सातच्या रांगेत तेवढाच एक माणूस कमी!