वापरलेल्या आयात नौकेची खरेदी : मालकी, कर आणि मानकपूर्ती यांची पडताळणी

सारांश : परदेशातून आलेली वापरलेली नौका विकत घेताना मालकीहक्क, करस्थिती आणि सुरक्षा-मानकांची पूर्तता या तीन बाबी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. ब्रिटनमधील व्यवस्थेच्या आधारे या पडताळणीचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : नौका-नोंदणी, सागरी धारणाधिकार, मूल्यवर्धित कर, मानकपूर्ती

प्रस्तावना

वापरलेली वस्तू घेताना किंमत आणि अवस्था पाहण्याकडे खरेदीदाराचा कल असतो. नौकेच्या बाबतीत एवढी दक्षता पुरेशी ठरत नाही. नौका एका देशात बांधली जाते, दुसऱ्या देशात नोंदली जाते आणि तिसऱ्या देशाच्या बंदरात उभी असते. या प्रवासात न फिटलेले कर्ज, न भरलेला कर वा अपुरी राहिलेली मानकपूर्ती यांचा भार नव्या मालकावर येऊ शकतो. अमेरिकेत बांधलेल्या किंवा युरोपीय संघातील बंदरांत ठेवलेल्या नौका ब्रिटनमध्ये विक्रीस येतात, तेव्हा हा प्रश्न विशेष तीव्र होतो.

१. मालकी आणि बोजा

ब्रिटिश नौका-नोंदवहीच्या पहिल्या भागात नौकेची मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली मानली जाते आणि गहाणाची नोंदही तेथे होते. शुल्क भरून या नोंदीचा उतारा मिळवता येतो. तिसरा भाग २४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान नौकांसाठी आहे. त्यातील नोंदीने मालकी सिद्ध होत नाही व तेथे गहाणही नोंदवता येत नाही. सातबारा उताऱ्यावर नाव असणे म्हणजे निर्विवाद मालकी नव्हे, हा महाराष्ट्रातील अनुभव येथे सहज आठवावा. म्हणून बांधणीपासून आजवरच्या विक्रीखतांची अखंड साखळी पाहणे आवश्यक ठरते. नौका अमेरिकेच्या संघीय नोंदवहीत असल्यास तेथील मालकीहक्काचा गोषवारा मागवावा आणि जुनी नोंद रद्द झाल्याचा दाखला घ्यावा. सांगाड्यावर कोरलेला ओळखक्रमांक प्रत्येक कागदाशी जुळतो की नाही, हेही ताडून पाहावे. अमेरिकी पद्धतीत हा क्रमांक १२ अक्षरांकांचा, तर आंतरराष्ट्रीय मानकात देशसंकेतासह १४ अक्षरांकांचा असतो.

नोंदवहीत न दिसणारा बोजा अधिक धोकादायक असतो. १८५१ मधील ‘द बोल्ड बकलू’ या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की, टकरीतून उद्भवलेला सागरी धारणाधिकार नौकेला चिकटलेला असतो. तो माहीत नसताना नौका विकत घेणाऱ्याविरुद्धही तो टिकतो. बचावकार्याचा मोबदला आणि खलाशांचे वेतन यांनाही असेच संरक्षण आहे. भारताच्या २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यातही मालक बदलला तरी असा धारणाधिकार कायम राहतो. त्याखालील दाव्यांची अधिकारिता असलेल्या न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचा समावेश आहे.

२. करस्थिती

‘कर भरलेला आहे’ हे विक्रेत्याचे विधान म्हणजे पुरावा नव्हे. मूल्यवर्धित कराचा उल्लेख असलेले मूळ बीजक किंवा आयातीच्या वेळचे सीमाशुल्क घोषणापत्र व कर भरल्याची पावती हे ग्राह्य कागद होत. जुन्या नौकांसाठी एक सवलत आहे. १ जानेवारी १९८५ पूर्वी वापरात असलेली आणि ३१ डिसेंबर १९९२ रोजी तत्कालीन युरोपीय समुदायाच्या हद्दीत असलेली नौका करमुक्त मानली जाऊ शकते. मात्र नौकेचे वय आणि त्या दिवशीचे तिचे ठिकाण, दोन्ही सिद्ध करावी लागतात. त्यामुळे धक्काभाड्याची जुनी पावतीसुद्धा मोलाची ठरते.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर ३१ डिसेंबर २०२० ही तारीख निर्णायक झाली. एकाच फ्रेंच कारखान्यातून कर भरून घेतलेल्या दोन नौकांपैकी एक त्या रात्री पोर्ट्समथला आणि दुसरी शेरबुर्गला उभी होती, असे समजा. पहिलीने युरोपीय संघातील दर्जा गमावला. दुसरीचा तो दर्जा टिकला. परंतु ती आता ब्रिटनमध्ये विक्रीसाठी आणल्यास सामान्यतः आयातीवरील कर देय होतो. परत आणलेल्या मालासाठी सवलत आहे. तथापि निर्यात करणारी आणि परत आणणारी व्यक्ती एकच असावी लागते. साहजिकच मधल्या काळात नौका विकत घेणाऱ्यास तिचा लाभ मिळत नाही.

परदेशी रहिवाशाची नौका तात्पुरत्या प्रवेशाच्या सवलतीखाली १८ महिन्यांपर्यंत ब्रिटनमध्ये कर न भरता राहू शकते. ती बंदरात राजरोस उभी दिसते, पण ब्रिटिश रहिवाशाने ती विकत घेतल्यास सवलत संपते. १ लाख पौंड करपात्र मूल्यावर २० टक्के दराने २० हजार पौंडांचा भार पडतो. थकलेल्या करासाठी सीमाशुल्क अधिकारी नौकाच अडकवून ठेवू शकतात.

३. मानकपूर्ती

२.५ ते २४ मीटर लांबीच्या विहारनौकांना युरोपीय संघाचा १९९४ चा निर्देश १६ जून १९९८ पासून बंधनकारक झाला. २०१३ च्या निर्देशाने त्याची जागा घेतली. ब्रिटनमध्ये २०१७ चे विनियम लागू आहेत. त्या तारखेपूर्वीच युरोपीय आर्थिक क्षेत्रात वापरात आलेल्या नौका या व्यवस्थेबाहेर राहतात. अमेरिकेतून प्रथमच येणारी नौका मात्र जुनी असूनही सुटत नाही. पूर्तता नसल्यास मान्यताप्राप्त संस्थेकडून बांधणीनंतरचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्यासाठी स्थैर्य, वायुव्यवस्था, विद्युतजोडणी, इंजिनाचा धूर व आवाज यांची तपासणी होते. इंजिन निकषांत न बसल्यास दुरुस्तीचा खर्च स्वस्त सौद्याचा लाभ गिळून टाकतो.

४. कराराची रचना

पडताळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ कागद प्रत्यक्ष पाहणे, नोंदवहीचा ताजा उतारा घेणे, करस्थितीबाबत तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मिळवणे आणि मगच तांत्रिक सर्वेक्षणावर खर्च करणे श्रेयस्कर होय. बोजा नसल्याची व कर भरल्याची लेखी हमी करारात असावी आणि किंमत त्रयस्थाच्या खात्यात ठेवावी. विक्रेता परदेशी गेल्यावर हमीची अंमलबजावणी कठीण असते. म्हणून रक्कम हातची जाण्यापूर्वीची तपासणी हेच खरे संरक्षण होय.

निष्कर्ष

नोंदणीपत्र कर भरल्याचे सांगत नाही, कराचे बीजक आजची मालकी सांगत नाही आणि मानकचिन्ह या दोहोंविषयी मौन पाळते. पुरावा सादर करण्याची जबाबदारी अखेरीस नौका ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर येते. यास्तव ज्या बाबीचा कागद मिळत नाही, तिच्यामुळे संभवणारा खर्च किंमतीतून वजा करावा. तो मोजता येत नसेल तर व्यवहार सोडून देणेच हितावह ठरते.