कोशाचा धागा आणि महारेणूंचे शास्त्र

भंडारा जिल्ह्यातील ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढविण्याचा व्यवसाय ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत. पाखरे व मुंग्या यांपासून किड्यांची राखण करणे हे मोठ्या कष्टाचे काम होय. चार वेळा कात टाकून पूर्ण वाढलेला किडा फांदीला देठ बांधतो आणि त्याला टांगलेला कठीण कोसा स्वतःभोवती विणतो. या धाग्यात कोणते शास्त्र दडले आहे, हे जाणून घेणे उद्‌बोधक ठरेल.

रेशीम हे फायब्रॉइन नावाचे प्रथिन आहे. मण्यांची माळ ओवावी त्याप्रमाणे ॲमिनो आम्लांचे हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांब साखळी बनते. अशा साखळीला महारेणू म्हणतात. कापूस, रबर व प्लॅस्टिक हेही महारेणूंचेच पदार्थ होत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी हा विचार १९२० साली मांडला, तेव्हा अनेक विद्वानांना तो पटला नाही. हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, असे ते मानीत. पुढे श्टाउडिंगर यांचे म्हणणे सिद्ध झाले व १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केले होते.

तथापि नायलॉनचा धागा काढण्यासाठी ते अडीचशे अंशांहून अधिक तापमानाला वितळवावे लागते. किड्याला भट्टी लागत नाही. त्याच्या ग्रंथीत रेशीम पाण्यात विरघळलेले असते. ते बाहेर ओढले जाताना त्याची आम्लता वाढते, साखळ्या एका दिशेला सरळ होतात आणि आपोआप एकमेकींना घट्ट बिलगतात. म्हणून तयार झालेला धागा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. महारेणूंच्या या गुणास स्वयंरचना म्हणतात.

कोसा उकळणाऱ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सोड्याच्या पाण्याने धाग्यावरील डिंक, म्हणजे सेरिसिन, सुटतो. तेवढेच आवश्यक असते. सोडा फार तीव्र झाला किंवा उकळणे लांबले, तर फायब्रॉइनच्या साखळ्याही तुटतात. मग धागा कमकुवत होतो व महिन्यांची मेहनत वाया जाते. यास्तव सोडा मोजून घालावा आणि वेळेवर लक्ष ठेवावे.

टसरच्या फायब्रॉइनमध्ये तीन ॲमिनो आम्लांचा असा एक क्रम आहे की, शरीरातील पेशी त्याला धरून राहू शकतात. म्हणून जखमेवरील आवरणे व हाडांच्या दुरुस्तीचे सांगाडे यांसाठी या रेशमाचा अभ्यास चालू आहे. मोहाडी व आंधळगावच्या मागांवर लुगडे होणारा हाच धागा उद्या रुग्णालयातही उपयोगी पडू शकेल. परंतु त्याचा आरंभ ऐनाच्या पानापासूनच होतो. झाड राखले, तरच किडा राहील. आणि किडा राहिला, तरच हे शास्त्र आपल्या गावाच्या उपयोगी पडेल.